तिसरं चोरवाण

आमच्या बिल्डिंगीत करणी करणारा एकच माणूस राहतो, हे गेल्या पाडव्याला सर्वांसमक्ष सिद्ध झालं. तो माणूस मी.

(गैरसमज नको. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा माणूस. मला साधं लिंबू पिळताना दडपण येतं, करणी कसली करतोय!)

या सगळ्याचं मूळ माझ्या आईच्या माहेरात, म्हणजे गडहिंग्लजात आहे. तिथं त्यांच्या गल्लीत पाडव्याच्या पहाटे 'चोरवाण' ठेवायची रीत होती. रीत एकदम साधी. चैत्रातल्या पहिल्या कैऱ्यांची आंबेडाळ करायची. ती डाळ, हळदीकुंकू लावलेली एक कैरी, मोगऱ्याचा गजरा आणि कडुलिंबाची डहाळी असं सगळं लाल खणात बांधायचं, शेजाऱ्याच्या दाराला अडकवायचं, कडी वाजवायची आणि पळायचं. कुणी ठेवलं ते कळता कामा नये. "कळलं तर ते वाण न्हवं, नुसता डबा!" असं आई म्हणते.

लग्न होऊन आई कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आली आणि रीतही बरोबर घेऊन आली. गल्लीतल्या बायकांना कोण ठेवतं हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी दर पाडव्याला त्या आईच्याच तोंडाकडं बघत म्हणायच्या, "कुणी ठेवलं की बाई!" आणि आईही म्हणायची, "व्हय की. कुणी ठेवलं असंल?"

मग आम्ही फुलेवाडी रिंगरोडला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, हवा भरपूर, शेजार शून्य. दारं उघडायची ती फक्त बंद होण्यासाठी. पेठेत दिवसभर बोलणारी आई इथं टीव्हीशी बोलायला लागली. एकदा तर बातम्या देणाऱ्या बाईला "चहा घेतलास काय?" असं विचारताना मी ऐकलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गेल्या वर्षी पाडवा तोंडावर असताना ती बाथरूममध्ये घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं मला फर्मान काढलं.

"यंदा चोरवाण तू ठेव. खालच्या तिन्ही घरास्नी."

"आई, इथं कोण कुणाला ओळखत न्हाय."

"म्हणूनच ठेवायचं. वळखीच्या माणसाला ठेवण्यात काय पुरुषार्थ?"

"आणि कुणी बघितलं तर?"

"चाळीस वर्षं मला कुणी बघितलं न्हाय," आई म्हणाली. (अख्ख्या गल्लीनं बघितलं होतं!) मग हळूच म्हणाली, "एवढं एक कर बाबा. न्हायतर रीत माझ्या पायासंगट मोडली म्हणायची."

आता यावर काय बोलणार? मी हो म्हटलं.

पाडव्याच्या पहाटे बायकोनं, वैशालीनं, आईच्या देखरेखीखाली डाळ केली. पहिल्या मजल्यावरचे मगदूम जैन आहेत म्हणून आईनं आलं घालू दिलं नाही. बांधाबांध माझ्याकडं होती. आईची सूचना स्पष्ट होती: डाळ पळसाच्या द्रोणात, आणि वरनं पांढरं सूत.

पण मी पडलो क्वालिटीवाला! द्रोण गळला तर? कुणाच्या दारात तेलाचा डाग पडला तर? म्हणून मी फडताळाच्या तळातल्या तीन स्टीलच्या डब्या काढल्या. पांढरं सूत सापडेना. स्कूटरला नजर लागू नये म्हणून आणलेला काळा दोरा मात्र होता. तो बांधला. तरी खण सुटतोय की काय अशी धास्ती वाटली, म्हणून प्रत्येक पुरचुंडीला चारी बाजूंनी टाचण्या टोचल्या. त्या आरपार जाऊन, खणातनं डहाळीसकट डोकावणाऱ्या कैरीत बसल्या. हलवून बघितलं. माल घट्ट! मी स्वतःवर खूश झालो.

(जरा डोळ्यांपुढं आणा. लाल कापड, काळा दोरा, कडुलिंब, आणि टाचण्या टोचलेली हळदीकुंकवाची कैरी. मला एकट्यालाच ते शुभ दिसत होतं.)

खाली पार्किंगमध्ये कॅमेरा आहे हे माहीत होतं, म्हणून आईची तपकिरी शाल डोक्यावरनं घेतली आणि उतरलो. तळमजल्यावर सलीमभाई बागवान, फळांचे व्यापारी. अडकवलं, बेल दाबली, पळालो. पहिल्या मजल्यावर मगदूम, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. अडकवलं, बेल, पळालो. दुसऱ्या मजल्यावर घोरपडे, रिटायर्ड फौजदार. इथं घाईघाईत बेल एकदा वाजवायची ती तीनदा वाजली! आतनं पावलं ऐकू आली. मी वर झेप घेतली, पायरीच्या कडेला अंगठा ठेचला, तोंडात शाल कोंबून किंचाळलो आणि घरात येऊन दार लावलं.

"ठेवलंस?" आईनं विचारलं.

"ठेवलं."

"कुणी बघितलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

आई खुर्चीत मागं टेकली. किती तरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर ते पेठेतलं हसू आलं. मी अंगठा दाबत मनात म्हटलं, सार्थक झालं.

अर्ध्या तासानं खालनं आरोळी आली. "हात लावू नका कुणी! मागं व्हा सगळी!"

आईनं कान टवकारले. "खाली कसला कालवा रं?"

"पाडव्याचा उत्साह," मी म्हटलं, आणि लंगडत खाली पळालो.

पार्किंगमध्ये अख्खी बिल्डिंग जमली होती. नव्या साड्या, नवे शर्ट आणि उडालेले चेहरे. मधोमध दोन पुरचुंड्या फरशीवर ठेवल्या होत्या आणि त्यांच्याभोवती खडूनं गोल आखला होता. आखणारे अर्थातच घोरपडे फौजदार. हातात काठी.

"श्रीकांतराव, बरं झालं आलासा," मगदूम घामाघूम होऊन म्हणाले. "आमच्या दाराला करणी केल्या कुणीतरी! बागवानांच्या पण!"

"करणी?" माझा आवाज एवढा बारीक निघाला, की तो मलाही ओळखू आला नाही.

"न्हायतर काय! काळा दोरा बघा. टाचण्या बघा. कैरीत टाचण्या टोचल्यात ओ! कसल्या काळजाचा माणूस असंल त्यो!"

सलीमभाई भिंतीला टेकून उभे होते. जन्मभर मार्केट यार्डात आंबे विकलेला माणूस एका कैरीला घाबरून चार हात लांब! त्यांची बायको शाहीनभाभी तेवढी जवळ जाऊन वाकून बघत होती.

"वास तर फोडणीचा येतोय," ती म्हणाली.

"भाभी, मागं व्हा!" फौजदार गरजले. "फोडणीचाच वास देतात. माणूस भुलावा म्हणून."

मगदुमांनी मोबाइल काढला. कॅमेऱ्यातलं चित्रण! सगळ्यांनी डोकी घातली, मीही घातली. (न घालून सांगतो कुणाला?) चित्रात जिन्यातनं एक शाल पांघरलेली आकृती वाकत वाकत आली. तिनं बागवानांच्या दाराला काहीतरी अडकवलं, बेल दाबली आणि घाबरलेल्या म्हशीगत परत जिन्यानं वर पळाली.

"बाई हाय," मगदूम म्हणाले.

"म्हातारी हाय," सलीमभाई म्हणाले.

"आतली हाय," फौजदार म्हणाले. "गेटातनं आलेली न्हाय. जिन्यातनं आली, जिन्यानं गेली. चोर घरातलाच हाय." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण ते म्हणाले, "श्रीकांतराव, तुमी क्वालिटी इन्स्पेक्टर न्हवं? मी पण इन्स्पेक्टरच्या हाताखाली जल्म काढलाय. चला, आपण दोघं तपास करू."

म्हणजे मला पकडायची जबाबदारी माझ्यावरच!

"आधी ते उघडून बघूया," शाहीनभाभी म्हणाली.

मला ते पटलं. उघडलं की डाळ दिसेल, डाळ दिसली की सगळे हसतील, आणि कुणी ठेवलं ते कळणारही नाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात वैशाली जिना उतरून आली आणि मला बाजूला ओढून कुजबुजली, "डाळ कशात भरलासा?"

"डब्यांत. फडताळातल्या."

"कुठल्या? तळातल्या?" तिनं कपाळाला हात लावला. "अवो, त्या तुमच्या जावळाच्या डब्या! त्यांवर नाव घातलंय!"

माझ्या जावळाला आईनं पाहुण्यांना वाटलेल्या आणि त्यातनं उरलेल्या डब्या. झाकणावर ठसठशीत अक्षरांत, आडनावासकट, माझं नाव! आता पुरचुंडी उघडली की करणी करणारा कोण, हे लिहूनच आलेलं!

"उघडू नका!" मी ओरडलो.

सगळे दचकले.

"उघडलं तर... बाधा होती," मी म्हटलं. "आमच्या कंपनीत एकानं असंच उघडलंतं."

"मग?" मगदुमांचे डोळे विस्फारले.

"मग काय... अजून रजेवर हाय."

या वाक्यानं मात्र आगीत रॉकेल पडलं! मगदूम म्हणाले, आत्ताच्या आत्ता देवरुषी आणूया. फौजदार म्हणाले, देवरुषी नको, श्वानपथक आणतो, माझी वळख हाय, कुत्रं सरळ त्या म्हातारीच्या दारात जाऊन बसंल. मी मनातल्या मनात ते कुत्रं माझ्या मांडीवर बसलेलं बघितलं. बिल्डिंगीच्या ग्रुपवर कुणीतरी पुरचुंड्यांचा फोटो टाकला. खाली हात जोडल्याची चित्रं धडाधड येऊ लागली, आणि एकानं सवयीनं 'पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा' पण टाकल्या!

"आईला बघून येतो," म्हणून मी वर सटकलो. आई दाराकडं डोळे लावून बसली होती.

"खाल्लं का रं त्यांनी?"

"खात्यात की."

"आवडलं?"

"बोटं चाटाय लागल्यात."

"मगदूम काय म्हणाले?"

"म्हणाले, कसल्या काळजाचा माणूस असंल त्यो!" (खोटं नव्हतं. पुढचा-मागचा संदर्भ तेवढा मी गाळला.)

आईनं पदरानं डोळे टिपले. मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. खरं सांगावं, तर तिची रीत अख्ख्या बिल्डिंगीनं काठीनं ढोसली हे सांगावं लागणार. न सांगावं, तर कुत्रं येणार. अशा वेळी माणसाला एकतर सुचत नाही, नाहीतर फार सुचतं. मला फार सुचलं.

खाली जाऊन मी छाती पुढं काढून जाहीर केलं, "देवरुषी नको, कुत्रं नको. मी ह्या दोन्ही पुरचुंड्या नेऊन पंचगंगेत सोडतो."

मग मगदुमांनी माझा हात धरला. "श्रीकांतराव, घरात म्हातारी आई हाय तुमची. नीट विचार करा."

"शेजारधर्म हाय, मगदूमसाहेब."

"दोन वर्षं आमी तुमच्याशी धड बोललो पण न्हाय ओ," सलीमभाई म्हणाले. "आणि तुमी जिवावर उदार झालासा!"

फौजदारांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला! मी काठीच्या टोकानं एकेक पुरचुंडी उचलली. (डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत. अभिनयात कमी पडलो नाही.) दोन्ही पिशवीत टाकल्या, पिशवी स्कूटरच्या हुकाला लावली आणि किल्ली फिरवली. सुटलो होतो. खरोखर सुटलो होतो! गेट चार हातांवर होतं.

पण कंपनीत इतकी वर्षं मी एकच काम केलंय. माल बाहेर जाताना मोजायचा. हात आपोआप पिशवीत गेला, आणि तोंडातनं आपोआप, चांगल्या खणखणीत आवाजात निघालं:

"दोनच? तिसरं कुठाय?"

स्कूटरचं इंजिनसुद्धा बंद पडलं असं मला वाटलं. (मीच बंद केलं होतं.)

फौजदार सावकाश पुढं आले. "तिसरं?" ते म्हणाले. "कुठलं तिसरं, श्रीकांतराव?"

"न्हाय... म्हणजे... करणी तीनाची असती, असं ऐकलंय."

"कुणाकडनं?"

"त्यो... रजेवर हाय न्हवं, त्याच्याकडनं."

फौजदारांची नजर माझ्या चेहऱ्यावरनं सुजलेल्या अंगठ्यावर गेली, तिथनं जिन्यावर, आणि परत माझ्यावर. मी पोलीस ठाणं बघितलं. बातमी बघितली. खुर्चीत बसून ती बातमी ऐकणारी आई बघितली.

"तिसरं माझ्याकडं हाय," जिन्यातनं आवाज आला. "म्हणजे व्हतं. आता पोटात हाय."

फौजदारांच्या पत्नी, मालूकाकू, उतरून येत होत्या. हातात रिकामी डबी.

"तू खाल्लंस?" फौजदारांची काठी गळून पडली. "ते करणीचं तू खाल्लंस?"

"कसली करणी? आंबेडाळ हाय. कैक वर्षांनी खाल्ली."

"आणि टाचण्या?"

"काढून सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवल्यात. कामाला येतात."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

काकू नजर चुकवत म्हणाल्या, "तुमी आंघोळीला गेलतासा. बेल वाजली, दारात हे. गजरा बघितला आणि मला वाटलं, तुमीच कुणाकरवी पाठवलं. रिटायर झाल्यावर का असंना, सुचलं ह्यास्नी. म्हणून काय बोलले न्हाय. तुमी आपणहून इचाराल म्हणून वाट बघत बसले."

गजरा त्यांच्या अंबाड्यात होता. चांगला पसाभर, पांढराशुभ्र. सकाळपासनं फौजदारांनी खडूनं गोल आखले, पावलं मोजली, अख्ख्या बिल्डिंगीवर संशय घेतला, आणि बायकोच्या डोक्यातला गजरा त्यांना दिसला नव्हता!

अवघडून फौजदारांनी काकूंच्या हातातली डबी घेतली, आणि झाकण डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यानं वाचलं, "चिरंजीव श्रीकांत माने. जावळाप्रीत्यर्थ."

मग त्यांनी मान वर करून माझ्या टकलाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"लई निगुतीनं काढलंय की जावळ," शाहीनभाभी म्हणाली, आणि पहिली फिस्सकन हसली.

मग मी सगळं सांगितलं. गडहिंग्लज, शुक्रवार पेठ, आईचा पाय, द्रोण, काळा दोरा, सगळं. कुणी रागावेल, तक्रार करेल, निदान सेक्रेटरी या नात्यानं मगदूम तरी दंड करतील असं वाटत होतं. मगदुमांनी पिशवीतली पुरचुंडी काढली. टाचण्या एकेक करून उपटल्या. झाकण उघडून डाळ न्याहाळली.

"ह्यात आलं..."

"घातलं न्हाय," मी म्हटलं. "आई म्हणाली, मगदुमांच्यात चालत न्हाय."

"आईस्नी माहीत हाय आमच्यात चालत न्हाय ते?" मगदुमांनी विचारलं. "आमाला तर त्यांचं नावबी माहीत न्हाय."

त्यांनी बोटानं डाळ उचलून तोंडात घातली, आणि डोळे मिटले. सलीमभाईंनी दुसरी डबी घेतली. धंद्याचा माणूस, आधी कैरी चाखून म्हणाले, "माल चांगला हाय, पण भाव जास्त पडला असंल. पुढच्या साली कैऱ्या माझ्याकडनं."

एवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतनं हाक आली. आई! प्लास्टरचा पाय ओढत, वैशालीच्या खांद्यावर रेलून ती कठड्यापाशी आली होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"श्रीकांता! कुणाला कळू द्यायचं न्हाय म्हणून सांगितलंतं की रं! अख्ख्या गावाला भाषण देत सुटलास व्हय!"

मी खाली मान घातली. तर मालूकाकू मान वर करून, चेहरा अगदी गंभीर ठेवून ओरडल्या, "कशाचं भाषण, आक्का? आमाला काय कळलं न्हाय! आमच्या दाराला कुणी काय ठेवलं की बाई!"

आई कठड्यावर वाकली, आणि पेठेतल्या त्याच आवाजात म्हणाली, "व्हय की. कुणी ठेवलं असंल?"

दुपारपर्यंत सगळी मंडळी आमच्या घरात होती. गुढी उभारायची राहूनच गेली होती, ती फौजदारांनी उभारली. आई खुर्चीत बसून प्रत्येकाचं माहेर-सासर, दुखणं-खुपणं विचारत होती, आणि टीव्ही बंद होता.

यंदाच्या पाडव्यापर्यंत आईचा पाय ठणठणीत बरा झाला. सगळ्या बिल्डिंगीनंच चोरवाण ठेवायचं ठरवलं, अर्थात एकमेकांना न कळता! पहाटेपासनं जिन्यात नुसती धावपळ. मगदूम पिशवी पाठीमागं लपवून "फिरायला निघालोय" म्हणत वर येत होते. फौजदार (हातात गजरा) "मीटर बघाय निघालोय" म्हणत खाली जात होते.

मी पण शाल घेऊन तयार झालो. तर आईनं शाल काढून घेतली.

"तू न्हाय. यंदा मी जाते. तू घरात बस. बेल वाजली की दार उघड आणि चकित हो. तेवढंच कर. मोजू नको, बांधू नको, टोचू नको. नुसतं चकित हो."

एवढं काम तरी चोख करायचं, म्हणून मी आरशापुढं उभा राहिलो. भुवया किती वर, तोंड किती उघडायचं, हात छातीला की गालाला, सगळं बसवलं. शेवटी बेल वाजली. मी धावलो, दार सताड उघडलं, दोन्ही हात गालांना लावले, डोळे वटारले आणि पोटातनं ओरडलो, "अगं बाई! हे कुणी ठेवलं!"

समोर आमचा दूधवाला उभा होता. तो कॅन घेऊन एक पायरी मागं सरकला.

"दादा," तो भीत भीत म्हणाला, "दूधच हाय. रोजचंच."